उजेडाचा चौकोन

९ मे

टॉर्च मेला! परवाच आणलेला. फुटपाथवरच्या माणसानं भर दुपारी माझ्या तळहातावर उजेड पाडून दाखवला होता. उन्हातही दिसला, म्हणून घेतला. आज संध्याकाळी आंधी आली, लाइट गेली, बाबांनी बटण दाबलं — काजव्यासारखं काहीतरी लुकलुकलं आणि संपलं.

बाबा ओरडले. शब्द नाही, नुसता आवाज. मी स्वयंपाकघरातून धावत गेले तर पलंगाचा कठडा डाव्या हातानं घट्ट धरून बसलेले. जन्मभर फॅक्टरीत रात्रपाळ्या केलेले माझे सासरे, दयाराम मेश्राम — अंधाराला भिऊन!

फेब्रुवारीत लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हाक मारता येत नाही म्हणून हातात टॉर्च दिलाय. छतावर उजेड पडला की मी जायचं, असं आमचं ठरलंय. तोच त्यांचा आवाज.

आवाज असा फुटपाथवर विकत घ्यायचा असतो?

ओट्यावर लिहितेय हे. हॉस्पिटलसारखा पलंग बाबांच्या खोलीत वळवता येईना, म्हणून तिथलं माझं लिहायचं टेबल उचलून जिन्याखाली ठेवलं. त्याच्यावर आता गाद्यांचा ढीग. त्याचं काही नाही. लिहायला तरी कुठे सुचतंय.

११ मे

धम्मदीप बँकेतून आल्यावर म्हणाला, "एकदाच चांगल्या कंपनीचा घे ना. काय स्वस्तातले आणत बसतेस." नवऱ्याला वाटतं मी पैसे वाचवते. चांगला बघितला होता मी. पण जड आहे तो. बाबांच्या डाव्या हातात दोन मिनिटं टिकला नाही, छातीवर पडला. हलका पाहिजे, अंगठ्याखाली बटण पाहिजे, आणि उजेड भरपूर. असे फक्त स्वस्तातलेच मिळतात. आणि ते मरतात.

बाबांचा जुना माळ्यावर सापडला. स्टीलचा, लांबडा. आत सेल फुटून हिरवा गंज चढलाय. ते त्याला टॉर्च म्हणत नसत, बॅटरी म्हणत. नवी नवरी होते तेव्हा मला म्हणाले होते, सूनबाई, बॅटरी आण. मी सेल आणून हातावर ठेवले. हसले की! मी नाशिकची, लग्न होऊन जबलपूरला आलेली, मला काही कळेना. मी विचारलं, "का हसताय?" तर म्हणाले, "का का तर कावळा करते. माणसानं काहून म्हणावं."

तेव्हापासून मी कधीही 'का' म्हटलं की मागून त्यांचं 'काहून' यायचंच. पाहुण्यांसमोरसुद्धा. मला चिडवायला. सासूबाई त्यांच्यावर डोळे वटारायच्या.

आता मी दिवसभरात कितीदा 'का' म्हणते. मागून काहीच येत नाही. घरात तो शब्द म्हणणारं दुसरं कोणी नाहीच. धम्मदीपचं मराठी बँकेत घासून गुळगुळीत झालंय. लेकीला, अनुष्काला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

१४ मे

अधारतालला श्यामसुंदर भैयाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. त्यानं काचेखालून काळा, पिटुकला टॉर्च काढला. चार्जिंगचा. पुढचं तोंड ओढलं की उजेड गोळा होतो, लांबवर जाऊन चौकोन पडतो. समोरच्या गल्लीतल्या बोर्डावर पाडून दाखवला. वर म्हणतो, "दीदी, सामने वाला अंधा हो जाएगा!"

मी म्हटलं, भैया, मुझे किसी को अंधा नहीं करना, मेरे यहाँ एक बुज़ुर्ग को दिखना चाहिए बस.

गॅरंटी विचारली. "गारंटी दुकान की सीढ़ी तक है. उसके आगे दुआ है." दुकानातले सगळे हसले. मीही हसले. किती दिवसांनी!

किंमत सांगण्यासारखी नाही, इतकी थोडी. घेतला.

१५ मे

आज लाइट गेलीच नाही. टॉर्च हातात घेऊन दिवसभर वाट बघतायत बिचारे.

१८ मे

या टॉर्चला एकच बटण आणि त्यात तीन खेळ. एकदा दाबलं की झगझगीत, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा लुकलुक. बाबांचा अंगठा थरथरतो, एका दाबात तीन होतात. मी ठरवलं होतं — लुकलुक म्हणजे घाई, आधी धावायचं. परवापासून धावतेच आहे. जाऊन बघावं तर काही नाही. बाबा माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे.

आज संध्याकाळी पोळ्या करत होते. दारातून दिसलं, छत लुकलुकतंय. म्हटलं असेल नेहमीचं. तवा उतरवला नाही. सगळ्या पोळ्या करून गेले. चादर ओली. बाबांनी मान भिंतीकडे वळवलेली.

लाज कोणाला वाटायला हवी होती? चादर बदलताना एक शब्द बोलता आला नाही. ते तर बोलूच शकत नाहीत. माझं काय झालं होतं?

दुकानांत टॉर्च लखलखीत असतात, घरी आणल्यावर माणसाची परीक्षा बघतात. घेऊ नयेत.

२२ मे

शब्द आला! तीन महिन्यांनी शब्द!

बोलणं शिकवायला येतात त्या मॅडमनी आज मला हाक मारून बोलावलं. त्या हिंदीच बोलतात, चित्रांची पुस्तकं आणतात — पानी, चाय, बिल्ली. बाबा चित्राकडे बघतही नाहीत. आज त्यांनी टॉर्च धरला, भर दिवसा खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात उजेड पाडला आणि म्हणाले — मॅडम म्हणतात, 'कहाँ'.

मीही ऐकलं. का… हँ… असं काहीतरी. मग परत. ओठ वाकडे, लाळ गळतेय, तरी परत.

"देखा? कहाँ पूछ रहे हैं. दादाजी, आप घर पर हैं!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, बाबा, आपण घरी आहोत, जबलपुरातच, महाराजपुरात, ही तुमचीच खोली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

धम्मदीपला फोन केला तर तिकडून नाक ओढल्याचा आवाज. रडत होता बहुतेक.

२३ मे

आनंद एक रात्रही टिकला नाही. कालपासून तोच एक शब्द. कहाँ, कहाँ, कहाँ. पाणी दिलं तरी कहाँ. आणि टॉर्च त्या कोपऱ्यात.

मला वाईट वाटलं ते वेगळंच, कोणाला सांगण्यासारखं नाही. एकच शब्द यायचा होता, तो हिंदी आला! या गावात माझ्याशी पोटभर मराठी बोलणारं एकच माणूस होतं. धम्मदीप म्हणतो, फॅक्टरीत आयुष्यभर हिंदी बोलले, आजारपणात तीच वर आली असेल. असेल. मग खाली राहिलेल्याचं काय?

मी गोष्ट लिहिली की आधी बाबांना वाचून दाखवायचे. पेपर बाजूला ठेवून ऐकायचे. छान, सुंदर असलं कधी म्हणाले नाहीत. ती बाई माहेरी परत गेली काहून? त्या पोरानं दार उघडलं नाही काहून? मला राग यायचा. मग रात्रभर तेच डोक्यात, आणि सकाळी गोष्ट बदललेली.

२७ मे

धम्मदीपच्या मनात आलं — कोपऱ्यात बघून कहाँ म्हणतात, म्हणजे आईला शोधत असतील. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. मला पटलं. किती पटलं! मीच हॉलमधला त्यांचा, सुमनबाईंचा, फोटो काढला, पुसला. धम्मदीपनं कोपऱ्यात खिळा ठोकला. "हे घ्या बाबा. आई इथंच आहे."

बाबांनी फोटोवर उजेड पाडला. चौकोन बरोबर सासूबाईंच्या चेहऱ्यावर. बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही दोघं दारात उभे — वाटलं, सापडलं!

मग चौकोन हळूहळू खाली उतरला. भिंतीवरून फरशीवर. तिथे काही नाही. "का… हँ…"

३० मे

डॉक्टर म्हणाले, अशा आजारात एकेकाच्या तोंडात एकच शब्द अडकून राहतो. त्याला अर्थ असतोच असं नाही. आणि कुठे आहोत हे पुन्हा पुन्हा विचारत असतील तर भान सुटत चाललंय असंही असू शकतं. बोलणं जे परत यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांतच येतं.

परत येताना रिक्षात अनुष्का म्हणाली, "मम्मी, आजोबा मुझे तो पहचानते हैं ना?" मी हो म्हटलं. खिडकी नसलेल्या रिक्षात बाहेर बघत राहिले.

३ जून

धाकट्या दिरांचा, सुमेधचा नागपूरहून फोन. त्यांच्या घराजवळ म्हाताऱ्या आजारी माणसांसाठी जागा आहे. नर्स असते, जनरेटर असतो. "तिथं लाइट जात नाही वहिनी. तुमच्यानं आता होऊन नाही राहिलं, मला समजते." वाईट मनानं बोलले नाहीत. माझी काळजीच होती आवाजात.

धम्मदीप जेवताना ताटाकडे बघून म्हणाला, "आपण कुठं आहोत हेच त्यांना माहीत नाही. मग जबलपूर काय, नागपूर काय."

मी वाद घालायला हवा होता. भांडायला हवं होतं. ती ओली चादर आठवली. ताटं उचलून नेली.

१५ तारखेला सुमेध गाडी घेऊन येणार.

७ जून

शेवटचा प्रयत्न! मोबाइलवरून मागवलेला टॉर्च आला. दोन किलोमीटर उजेड जातो म्हणे. लोकांनी खाली लिहिलेलं सगळं वाचून काढलं होतं. एकानं लिहिलंय, बहुत बढ़िया, दूसरा भी यही लूँगा. दुसऱ्यानं, चार दिन की चाँदनी. दोघांचंही खरं असणार.

कशासाठी मागवला ते माझं मलाच कळत नाही. वाटलं, जास्त उजेड पडला तर कोपऱ्यात काय आहे ते त्यांना नीट दिसेल — काही नाहीये, हे दिसेल. मग विचारणं थांबेल.

उजेड इतका की खोली पांढरीफटक झाली. बाबांनी हातानं डोळे झाकले. तो बाजूला सारला आणि उशीखाली चाचपून श्यामसुंदर भैयाचा काळा काढला. त्याचं तोंड दातांत धरून ओढलं, चौकोन केला. कोपरा.

तो टॉर्च अजून चालतोय, हे आज लक्षात आलं. दुआ पुरली!

पण काय उपयोग? स्वस्त असो महाग असो, उजेडानं दिसतं तेवढंच दिसतं. रिकाम्या कोपऱ्यात रिकामा कोपरा.

१० जून

मॅडमना यायचं बंद करायला सांगितलं. जाताना त्यांनी बाबांच्या पायांना हात लावला. "दादाजी, अपना खयाल रखिए."

"का… हँ…"

"नागपुर, दादाजी."

मी स्वयंपाकघरात येऊन नळ सोडला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

१३ जून

त्यांचे कपडे काढून ठेवले. पांढरे सदरे, मफलर, दाढीचं सामान. मफलर कशाला जूनमध्ये? ठेवला. हिवाळ्यात कोण देणार काढून?

मी या घरात आले तेव्हा मला बोलायला शिकवलं त्यांनी. आणि मी त्यांना पोचवायला निघालेय. माझ्याकडे त्यांना सांगायला एक वाक्य नाही.

१४ जून

संध्याकाळी लाइट गेली. मी बॅगेची चेन ओढत होते, ती अडकली. बाबांचा चौकोन पुन्हा त्याच कोपऱ्यात, खाली फरशीवर. "का… हँ…" मी वैतागून म्हटलं, "का, बाबा? का? काय आहे तिथं?"

त्यांचं अर्धं तोंड हसलं. त्या अंधारात मला दिसलं. जोर लावून, एकेक अक्षर उचलून, माझ्या मागून म्हणाले, "का… हू… न."

कहाँ नाहीच. कधीच नव्हतं.

तो कोपरा माझ्या टेबलाचा. टेबल तिथं नाही काहून?

धम्मदीपला हाक मारली. गाद्या खाली टाकल्या. दोघांनी टेबल ओढत आणलं, फोटोखाली लावलं. मी खुर्ची घेऊन बसले.

बाबांनी बॅटरी बंद केली.