रोट आणि सुकाणू

रविवार, ३ ऑगस्ट २०२५ – चोपडा

घरात कानबाई देवी बसली. पहाटेपासून आईच्या बरोबरीनं राबले, पुरण वाटलं, खीर घोटली. आणि प्रसादाचे गव्हाचे जाड रोट वाढायची वेळ आली तसे नाना म्हणाले, "मोहिनी, तू जरा बाजूला हो." लग्न झाल्यापासून दरवर्षी हेच! कानबाईचा रोट कुळातल्यांनीच खायचा, आणि नानांची ही लेक गेली दुसऱ्या कुळात. नियम ठाऊक आहे हो! तरी मनाला लागतंच. घासायला ढीगभर भांडी मला, आणि रोट खायला हे तिघे भाऊ, बोके.

शर्यतीच्या बोटीवर तरी काय वेगळं? चुडामणभाऊ, योगराज, तेजस – माझे तिघे भाऊ – आणि मी. सहा वर्षं पुढचं शीड मी ओढतेय. सुकाणू थोरल्या चुडामणभाऊकडे. एकदा मागितलं तर नाना म्हणाले, "घरचं सुकाणू घरच्या पोराच्या हातीच बरं." मग मी कुणाची?

सोमवार, ४

विसर्जन. नाचले, नाचले! पाय सुजलेत.

मंगळवार, ५ – धरण

पाणी काठोकाठ. बोटीच्या पोटाखाली जड लोखंडी पातं आहे, त्याला खोल पाणी लागतं, म्हणून आमची शर्यत श्रावणातच. बारा बोटी, सगळ्या एका साच्यातल्या. तेच शीड, तेच दोर. जिंकायचं ते माणसांनी.

मुक्काम बोटीतच. आत चौघं मावतात, तेजस घोरला नाही तर. भाऊनं रोटांचा डबा सोबत आणलाय! पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. शनिवारी पौर्णिमा. तिघे बसलेत खात – दुधात, तुपात, गुळात. मी आपली शेवभाजी-भाकरी.

बुधवार, ६

हाय रे देवा! वजन!

चौघांचं मिळून शर्यतीच्या नियमात जेवढं चालतं, त्याहून साडेचार किलो जास्त भरलं. माझा काटा जिथल्या तिथे – मला कुठे मिळाला रोट! धुळ्याचा रुपचंद, गेल्या वर्षीचा विजेता, मांडीवर थाप मारून म्हणाला, "चोपड्याची केळी यंदा भलतीच भरली!" अख्खा काठ हसला.

तिघे जाड कपडे घालून बांधावर पळाले. अर्धा किलो उतरला. हसू की रडू!

शेवटी सगळ्यांत जड म्हणून भाऊच बोटीतून उतरला. योगराज पाण्याकडे बघत बसला, तेजस माझ्याकडे. भाऊनं सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. "आते बठ्ठं तुना हातमा शे, मोहिनी." सगळं माझ्या हातात!

"नानांना काय सांगशील?"

"ते मी बघतो."

गुरुवार, ७

उद्याच्या अंतिम फेरीसाठी आज पहिल्या सहांत यायचं होतं. सहावे आलो. कसेबसे! वारा सोसाट्याचा, तिघांचं वजन पुरेना, बोट एका अंगावर. तळहात सोलले. रुपचंद पहिला. जाताजाता म्हणाला, "ताई, भाऊला बोलवा."

"तू तुझं शीड बघ," म्हटलं. उद्या हरले तर हा दांडा पुन्हा काही माझ्या हाती येत नाही.

शुक्रवार, ८

जिंकलो!!! जिंकलो!!!

अक्षर कसंही येऊ दे. आज वारा पडलेला. भरलेल्या बोटी पाण्यात बसल्यासारख्या, आमची हलकी. काल जे नडलं तेच आज कामी आलं! तरी शेवटच्या वळणावर रुपचंद पुढे होताच. तो धरणाच्या भिंतीकडून सरळ निघाला. तेवढ्यात मला पलीकडे पाण्यावर काळसर सुरकुती दिसली. वारा! योगराज ओरडला, "अगं, लांब पडेल!" पडू दे. वळवली.

आला की वारा! शीड फट्कन फुगलं. रुपचंदच्या नाकासमोरून गेलो आणि शिट्टी वाजली. मी इतकी किंचाळले की घसा बसला.

काठावर भाऊ नाचत होता, कानबाईपुढे नाचतात तसा. आणि त्याच्या शेजारी – नाना! भाऊनंच बोलावून घेतलं होतं. मी धावत गेले, पाया पडले. त्यांनी टोपी सारखी केली आणि सरळ गाडीत जाऊन बसले. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? पण जिंकले ना मी. ते आता कुणी काढून घेत नाही.

शनिवार, ९ – चोपडा

राख्या बांधल्या. तिघांनी ओवाळणी घातली. मग नाना उठले आणि माझ्या ताटात एक वाटी ठेवली. दुधात कुस्करलेला रोट. शेवटचा. "पौर्णिमाना आत खाई ले, पोरी." मी आईकडे पाहिलं. तिचा पदर डोळ्यांना.

खाल्ला. वाटी चाटूनपुसून.