टीव्हीतलं थोरल्याचं हसू

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलं की अण्णा शिलाईमशीन थांबवून कान टवकारतात आणि वर आपण त्या गावचेच नाही असं दाखवतात, म्हणून लिहिते.

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं की आई आतल्या खोलीत टीव्ही लावते. आधी तुमचा विनोदी कार्यक्रम. अण्णांच्या मते तो शुद्ध बाष्कळपणा, म्हणून ते टीव्हीकडे पाठ करून काजं करत बसतात. पण प्रेक्षकांतून तुझं हसू आलं, आधी ती शिट्टी आणि मग कुकरचं झाकण उडाल्यासारखा तो भडका, की त्यांची सुई थांबते. आई रोज न चुकता म्हणते, आला बाई एकदाचा घरी.

नंतर शिवणकामाची स्पर्धा लागते. तिथे मात्र खुर्ची गर्रकन वळते. स्पर्धकांपेक्षा परीक्षकांची धडगत नसते. त्यांनी हातात कधी कात्री तरी धरली होती का, असं काल विचारत होते.

दुकानात गिऱ्हाइकासमोर हसलास म्हणून त्यांनी तुला घालवलं, आणि तू हसायचीच नोकरी धरलीस. दोन वर्षं झाली. ते ये म्हणत नाहीत, आणि बोलावल्याशिवाय तू येत नाहीस. दोघांनाही कापडाच्या एकाच ठाणातून कापलंय. मध्ये आईचं मात्र सुकून चिपाड झालंय रे. काहीतरी कर.

लोभ आहेच, त्यात थोडी अक्कल मिसळावी ही विनंती.

तुझी,
कटकट

२० जून

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिणार नव्हतो. पण काल शिवणकामाच्या स्पर्धेत एका पोरीने घाईत उजवी बाही डावीकडे लावली. परीक्षक बोलले, तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि तेवढ्यात तू खो खो हसलास. आवाज ओळखायला मला कोणी सांगावं लागत नाही.

हसणं हा तुझा धंदा असेल. पण धंद्यालाही रीत असते. पडलेल्याला हसू नये, हात द्यावा. उलटी बाही मीही लावलेली आहे, तूही लावलेली आहेस. माझ्या हाताखाली तू कोट शिकला नाहीस याचं मला एवढं वाटलं नाही, पण हे ऐकून रात्री जेवण गेलं नाही. त्या पोरीची माफी माग.

तुझ्या हसण्याच्या शेवटी खोकला ऐकू येतो. अंगावर काढू नकोस. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

तुझे वडील

२६ जून

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन वर्षांनी तुमची बोलणी खाल्ली, पोट भरलं. तुमचं पत्र मी इथे स्टुडिओतल्या सगळ्यांना दाखवलं. शिव्यांचं पत्र मिरवणारा मी पहिलाच, असं सगळे म्हणाले.

अण्णा, तुमचं पत्र येईपर्यंत त्या स्पर्धेच्या जागी मी पाऊलही टाकलेलं नव्हतं. इथल्या आवाजवाल्याने माझं हसू एकदाच टिपून ठेवलं. आता आमच्या वाहिनीवर जिथे विनोद पडतो तिथे ते चिकटवतात, उसवलेल्या जागी ठिगळ लावावं तसं. त्या पोरीच्या रडण्यावर ते कोणी लावलं देव जाणे. आज जाऊन मी तिथल्या लोकांशी भांडून आलो. तिला निरोपही ठेवला, की आमच्या अण्णांनीही उलटी बाही लावलेली आहे. मी आता इथे हसतो कमी आणि खुर्च्या जास्त मांडतो. खोकलाही तेव्हाचाच, कधीच गेला.

ते टिपलं त्या दिवशीचा विनोद इतका शिळा होता की मला हसू फुटेना. मग तुम्ही मला घालवलंत त्या दिवशीची हेडमास्तरांच्या कोटाची ट्रायल आठवली. कोटाला कच्चे टाके घालता घालता तुम्ही स्वतःच्या शर्टाची बाहीही त्यातच शिवून टाकली होती. हेडमास्तर आरशाकडे निघाले आणि तुम्ही त्यांच्यामागून, तोंडात टाचण्या, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी तेव्हाही तुमची टर उडवायला हसलो नव्हतो. तुम्ही मला फार आवडलात म्हणून हसलो होतो. म्हणजे रोज संध्याकाळी जे ऐकता, ते हसू तुमच्याच दुकानातलं आहे.

आईला नमस्कार, कटकटीला एक टपली. राग असला तरी असू द्या, पण कळवत राहा.

तुमचा,
थोरला

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अण्णांनी कापायच्या टेबलापाशी उभ्यानेच वाचलं, घडी घालून टेपसोबत खिशात ठेवलं आणि दिवसभर मशीनवरून उठले नाहीत. आईचा जीव टांगणीला.

संध्याकाळी मात्र त्यांनी खुर्ची विनोदी कार्यक्रमाच्या वेळीच वळवली. विनोद नेहमीसारखाच रडका. तुझं हसू वाजलं. अण्णांची आधी बारीकशी शिट्टी, आणि मग जो भडका उडाला, दादा, शेजारीण वाटी टाकून धावत आली. डिट्टो तुझं हसू. मी तोंडात बोट घातलं. आई डोळे पुसत म्हणाली, थोरल्याने ते काय बाजारातून आणलं होतं? लग्नाच्या वर्षी ती रोज ऐकायची म्हणे. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

खालच्या ओळी अण्णांच्या आहेत. मी वाचलेल्या नाहीत, म्हणजे एकदाच वाचल्या.

तुझीच,
कटकट

चि. थोरल्या, रविवारी घरी ये. हेडमास्तरांचा तोच कोट कॉलर बदलायला आलाय, ट्रायलला माणूस हवा आहे. हसू आलं तर दुकानातच हस. त्या दिवशी मलाही आलं होतं. तोंडात टाचण्या होत्या.