तंबूतली तुळस

मंगळवार, १३ जानेवारी

उद्याच्या गूळपोळ्यांचं सारण करून ठेवलं. तीळ मागच्या वर्षीचे होते, भाजले, चांगले निघाले.

हे सकाळी तळघरात गेले ते वर येईनात, म्हणून चहा खालीच घेऊन गेले. झाडांच्या तंबूची चेन उघडी. हे स्टुलावर, हातात भिंग. म्हणाले, "बघ." पानांवर पांढरे ठिपके, टाचणीने टोचल्यासारखे. दोन पानांच्या बेचक्यात जाळं, दिव्यासमोर धरल्यावरच दिसेल इतकं बारीक. पान उलटं करून भिंग लावलं तर चालत होते. कोळी. रव्याच्या कणाहूनही लहान. कितीतरी.

चार झाडं. फुलं भरलीत, कापणीला तीनेक आठवडे. किमो संपून दीड वर्ष झालं तरी ह्यांच्या तळपायांची आग जात नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी. दिनकर भावजींनी त्यांच्या झाडाचं तेल दिलं होतं तेव्हा हे पहिल्यांदा सलग झोपले. म्हणून ही झाडं लावली, फांद्याही त्यांनीच दिल्या. ही गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे उन्हाळा उजाडेल.

"दिन्याच्या फांद्यांबरोबरच आली ही कीड," हे म्हणाले.

मी चहाचा कप उचलला आणि वर आले.


बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

दुसरीकडे कुठे बोलता येत नाही, इथे तरी लिहिते. तंबूत तुळस मी ठेवली होती.

दरवर्षी थंडीत आत आणते आणि दरवर्षी खिडकीत गारठून तिच्या काड्या होतात. डिसेंबरात पानं गळायला लागली. खाली मात्र एवढा मोठा दिवा जळतोय, बिल आपण भरतोय, त्यात एका कुंडीला काय वेगळं लागणार? म्हटलं हे पायाच्या व्यायामाला जातात तेवढा वेळ ठेवू. आधी तेवढाच वेळ ठेवली. मग रोज जिना चढउतार कोण करणार म्हणून मागच्या कोपऱ्यातच राहू दिली. ह्यांना जिना फारसा सोसत नाही, पाणी घालणं माझ्याकडे, कोण बघतंय. आमची अश्विनी नाताळात यायच्या आधी वर आणून ठेवली. छान फुटली होती. मला किती आनंद.

आज आंघोळीनंतर प्रदक्षिणा घालायच्या आधी तिचं पान उलटून भिंग लावलं. तेच ठिपके, तेच जाळं. उन्हाळाभर डेकवर होती, तिथूनच घेऊन आली असणार.

आणि ऑक्टोबरात मी काय तमाशा केला होता. तंबू आला त्या दिवशी जेवले नाही. इथे कायद्याने चालत असला तरी गांजा माझ्या देवाच्या घरात नको, त्याची सावली माझ्या तुळशीवर नको, असं म्हणाले. ह्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी अट एकच घातली होती, तीही दिनकर भावजींनी बजावलं म्हणून: तंबूत बाहेरचं झाड आणायचं नाही. मी म्हटलं होतं, मला काय हौस आहे.

दुपारी ह्यांनी भावजींना फोन लावला. मी पोळ्या लाटत होते, सगळं ऐकू येत होतं. आधी नीट बोलत होते, मग आवाज चढला. "तुझ्या घरात कीड आहे हे तुला दिसत नाही? शोभा गेल्यापासून घर कधी झाडलंयस तरी का?"

पलीकडून काय आलं कळलं नाही. हे म्हणाले, "बरं बरं," आणि ठेवला.

लाटणं हातात होतं. बाहेर जाऊन म्हणायला किती पावलं. पोळी करपली.


शुक्रवार, १६ जाने.

दि. भावजी आले नाहीत. शोभावहिनी गेल्यापासून जेवायला यायचा एकही शुक्रवार चुकला नव्हता, बर्फातसुद्धा यायचे. दोघं कॉलेजच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहिलेले, अजून मेसच्या आमटीवरून भांडतात. सवयीने पिठलं जास्त केलं. हे म्हणाले, "राग आला असेल राजांना." तिळगुळाचा त्यांचा डबा ओट्यावर तसाच.


शनिवार, १७ जाने.

कडुनिंबाच्या तेलाची बाटली घेऊन खाली गेले, गुलाबाला मारतो तशी फवारणी करू म्हणून. हे ओरडलेच. फुलांवर आता काहीही मारायचं नाही, धुतलं तरी जात नाही, आणि त्याच फुलांचं तेल मी पोटात घेणार आहे. खरंच की. माझ्या डोक्यातच आलं नाही. ह्यांनी इंटरनेटवर वाचून सांगितलं: जास्त कीड लागलेली पानं तोडायची, मोठी पानं खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसायची, फुलांच्या आत पाणी मुरू द्यायचं नाही, बुरशी धरते. हीटरची झडप बंद. ह्या किड्यांना उबदार कोरडी हवा लागते म्हणे, आणि आमचं तळघर थंडीत तसंच.

ह्यांच्या बोटांना पान नीट धरता येत नाही. मीच पुसली. एकेक पान तळहातावर घेऊन, बाळाचं तोंड पुसतात तसं. हाताला वास बसला. पूजेआधी पुन्हा आंघोळ केली, साबणाने जाईना, शेवटी बेसन लावलं.

हे म्हणाले, "तू एवढं करशील असं वाटलं नव्हतं." ते मला ऐकायला नको होतं.


गुरुवार, २२ जाने. गणेशजयंती

दोन दिवस बरं वाटलं, आज पुन्हा जाळी. हे चिडचिड करतायत. येतात कुठून, सगळं तर पुसलं. मग स्वतःच उत्तर देतात, दिन्याने मुळापासूनच किडकं दिलं.

कुठून येतात मला माहीत आहे. सकाळी तुळशीला पाणी घालते, प्रदक्षिणा घालते, पदर तिला लागतो, आणि त्याच पदराने खाली जाते.

मोदक केले. पाच. नेहमीचे एकवीस करायचं मनात आलं नाही.


शनिवार, २४ जाने.

अश्विनीने कॅलिफोर्नियातून मागवून दिलेली बाटली आली. कोंडा असावा तसं दिसतं, त्यात चांगले कोळी. ते वाईट कोळ्यांना खातात, झाडाला काही करत नाहीत, माणसालाही नाही. पानांवर भुरभुरायचे. फोनवर तिला म्हटलं, जिवंत प्राणी असे पोस्टाने. ती म्हणाली, "आई, रिलॅक्स. इट्स नेचर."

हे खूप दिवसांनी हसले. "हे शाकाहारी नाहीत हं. तुझ्या घरात चालतील का विचार आधी."

भिंगातून एक दिसला. नारिंगी, भराभर पळणारा.

पण तुळस वर आहे तोवर हे कोळी कितीही खाऊ देत.


सोमवार, २६ जाने.

काल रविवार, तुळशीला हात लावायचा नाही म्हणून थांबले. (थांबायला कारणच हवं होतं.) ह्यांना सांगून ती नीट धुता आली असती, वेगळ्या खोलीत ठेवता आली असती. सांगावं लागलं असतं.

आज हे व्यायामाला गेल्यावर कुंडी उचलली. हळदकुंकू वाहिलं, क्षमा मागितली. काळ्या पिशवीत बांधली आणि डेकवर बर्फात ठेवून दार लावलं. काचेतून पिशवी दिसत होती, म्हणून पडदा ओढला. मग पातळ बदललं, हात धुतले, खाली जाऊन पानं पुसली.

ह्यांनी संध्याकाळी विचारलं, "तुळस कुठाय?"

"थंडीने गेली," म्हणाले.

"दरवर्षीचंच," हे म्हणाले. "एप्रिलात नवीन आणू."

लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते असं नाही. बांगड्यांच्या किमती, माहेरी पाठवलेलं थोडंफार. पण देवाच्या झाडावरून नाही.


गुरुवार, २९ जाने. एकादशी

उपास. विष्णूला तुळस वाहायची ती नाही. वाळलेल्या मंजिऱ्या डब्यात होत्या, त्यातली एक वाहिली. त्याच रोपाची आहे हे वाहून झाल्यावर लक्षात आलं.

झाडं सुधारली. नवं जाळं नाही. हे म्हणतात कोळ्यांनी काम केलं. केलंही असेल. एक झाड पार गेलं होतं, ते काढून टाकलं. तीन वाचतील.

जप करायला बसले. निम्म्यातून उठले.


रविवार, १ फेब्रु.

हे आंघोळीला गेलेले बघून दि. भावजींना फोन लावला. म्हटलं, भावजी, एक सांगायचंय, तुमच्या फांद्यांचा काही दोष नाही. पुढचं जुळवत होते तेवढ्यात ते म्हणाले, "वहिनी, मला माहीत आहे."

डिसेंबरात एका शुक्रवारी ह्यांनी त्यांना दिव्याचं टायमर बघायला खाली पाठवलं होतं. मागच्या कोपऱ्यात तुळस दिसली, कुंडीला हळदकुंकू. म्हणाले, मी तिला नमस्कार केला आणि वर आलो. वाटलं त्याला माहीत असणार, तुमच्या दोघांत ठरलं असेल. फोनवर तो बोलायला लागला तेव्हा कळलं की नाही.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत त्यांना?"

"तुमच्या घरात मी कशाला भांडण लावू? तो तुम्हाला बोलला असता, त्यापेक्षा मला बोलून मोकळा झाला. मला काय, चाळीस वर्षं ऐकतोय त्याचं."

त्यांनाच माझी कीव आली असावी, इकडचं तिकडचं विचारत राहिले. झाडं कशी आहेत, ह्याचे पाय कसे आहेत. फोन ठेवताना मात्र म्हणाले, "घर मी रोज झाडतो, वहिनी."

बाथरूममधलं पाणी बंद झालं. मी फोन ठेवला.


मंगळवार, ३ फेब्रु.

कापणी. ह्यांनी भिंगाने फुलं पाहून सांगितलं, आता थांबायला नको. कापलेल्या फांद्या बादलीत बुडवून धुतल्या, पाण्यात लिंबू आणि खायचा सोडा, मग साध्या पाण्यात दोनदा. बादलीच्या तळाशी काळपट कण बसले. ते सगळे तेच. तळघरात दोरी बांधून फांद्या उलट्या टांगल्या, पंखा लावला. पापड-कुरडया वाळवल्यासारखं. मी असं म्हटल्यावर हे हसले.

वाळायला आठवडा, मग तेल काढायचं. पुरेसं निघेल म्हणतात. ह्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी असा दिसला. सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. दोनदा पंख्याबद्दल काहीतरी बोलले.


गुरुवार, ५ फेब्रु.

मंडळातल्या मेधाचा फोन, हळदीकुंकू राहिलंय तुमच्याकडचं, तुळस कशी आहे, मला रोप द्याल का. गेली म्हटलं. ती म्हणाली, "काकू, तुमच्याकडची गेली म्हणजे आमच्याकडे काय जगणार, तुमच्यासारखं मनापासून कोण करतं."


शुक्रवार, ६ फेब्रु.

पिठलं शिजतंय तोवर लिहिते.

सकाळी ह्यांनी आपणहून भावजींना फोन केला. मी बाजूलाच होते. म्हणाले, "जाऊ दे रे दिन्या, झालं गेलं. पीक वाचलं. मी मनातून काढून टाकलंय सगळं. जेवायला ये." फोन ठेवून माझ्याकडे बघितलं, शाबासकी हवी असल्यासारखं. "म्हटलं आपणच मोठेपणा घ्यावा. एकटा आहे बिचारा."

म्हणजे त्यांना माफी मिळाली. कशाची?

भावजी येतो म्हणाले. तेवढंच.

दुपारपासून तीन वेळा हॉलमध्ये गेले. पहिल्यांदा हे झोपलेले. दुसऱ्यांदा तळघरातल्या फांद्यांचा फोटो अश्विनीला पाठवत होते, मलाही दाखवला. तिसऱ्यांदा मी दारात उभी राहून "अहो" म्हटलं, हे "काय गं" म्हणाले, आणि मी विचारलं, भाकरी ज्वारीची करू का बाजरीची. भीती ते रागावतील ह्याची नाही. रागावतात आणि विसरतात. ऑक्टोबरात मी जे बोलले ते त्यांना आठवेल, आणि ते बोलून दाखवणार नाहीत, नुसते बघतील. तेवढंच सोसत नाही. त्यासाठी त्या माणसाच्या घराला नावं ठेवू दिली. शोभावहिनींच्या घराला. त्या घरात मी किती वेळा जेवले आहे.

भावजी आले की कधीच सांगणार नाहीत, हेही मला माहीत आहे. पाटावर बसतील, पिठल्याचं कौतुक करतील.

गाडीचा आवाज आला. ड्राइव्हवेवर दिवा लागला. हे उठले, दाराकडे जाता जाता स्वयंपाकघरात डोकावले आणि हळूच म्हणाले, "त्याच्यासमोर किडीचा विषय काढू नकोस हं. त्याला लाज वाटेल."

गॅस बंद केला. हात पुसते आणि बाहेर जाते.