चाचणीघराच्या दारावरची पितळी पाटी

३ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जन्मभर पंपांच्या आवाजात राहून माझे कान गेले, तेव्हा फोन नको, पत्रच बरं. आमचे मिलिमीटर साहेब गेले. नव्वदीचे होते, तरी चटका लागला. घराणं तमिळ, पण तीन पिढ्यांमागे बोटीत बसून परमुलखात गेलेलं. साहेब तिथेच जन्मले आणि नोकरीसाठी आमच्या कारखान्यात आले.

चालू पंपावर ते नाणं उभं करायचे. पडलं की पंप परत, मिलिमीटरभर थरथरही त्यांना चालायची नाही. मी नवा असताना माझ्या हातून दांडा वाकडा बसला आणि अख्खी मोटर जळाली. अहवालात साहेबांनी चूक स्वतःच्या नावावर लिहिली. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

नाणं उभं राहिलं की पंपावर हात ठेवून तमिळमध्ये एकच आशीर्वाद द्यायचे, ‘पोदुम, सुम्मा इरु’. बैठकीत मी बोलायला लागलो की माझ्याही खांद्यावर हात ठेवून तेच म्हणायचे. मी गहिवरून खाली बसायचो. अठरा तारखेला चाचणीघरातच शोकसभा आहे. हे शब्द पितळी पाटीवर कोरून चाचणीघराच्या दारावर लावतोय. अर्थ कधी विचारला नाही. आशीर्वादाचा अर्थ कोण विचारतं? पण भाषणात सांगावा लागेल. तुझ्या दातांच्या डॉक्टरीणबाई तमिळ आहेत, त्यांना विचारून लगेच कळव.

तुझी वहिनी आठवण काढते. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साहेबांचं वाचून वाईट वाटलं. तुझं काम लगेच केलं, पण विचारलं तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता. डॉक्टरीणबाईंना वाटलं, मी त्यांनाच सुनावते आहे. त्या लालबुंद झाल्या आणि दाढ जरा जोरातच कोरली. कापूस निघाल्यावर उलगडा झाला.

दादा, आधी बस आणि मग पुढचं वाच. त्याचा अर्थ ‘पुरे, गप्प बस’ असा आहे. मी दोनदा खात्री केली.

आमच्याकडे हे ऐकून यांचा घास ताटातच राहिला, इतके हसले. म्हणाले, साहेबांनी दादांना पहिल्याच वर्षी ओळखलं. मी यांना गप्प केलं, मराठीत. पाटी कोरली नसेल तर थांबव. कोरली असेल तर उलटी लाव.

मनाला लावून घेऊ नकोस. धाकटीवर जीव आहे तसाच असू दे.
बारकी

२१ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेमकं सभेच्या सकाळी हातात पडलं. तोवर फिटरनं पाटी चार स्क्रूंनी बसवली होती, आणि कोणी चोरू नये म्हणून स्क्रूंची डोकी घासून सपाट केली होती. खरं सांगतो, फार लागलं. चाळीस वर्षं ज्याच्यावर छाती फुगवली तो आशीर्वाद नव्हताच.

भाषण खिशात ठेवलं आणि उभा राहून सगळं खरं सांगून टाकलं. मग फिटरनं तोंड टोपीत खुपसलं, आणि पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. म्हणाल्या, साहेबांना तमिळ येत होतं ते एवढंच. लहानपणी ते रडले की आजी पाठ थोपटत हेच म्हणायची. त्यावर मी चार शब्द बोलणार, तर सगळी रांगच दारावरच्या पाटीकडे बोट दाखवू लागली.

जाताना बाईंनी मला बाजूला घेतलं आणि तशीच एक पाटी घरासाठी मागितली. सांत्वनाला आलेली माणसं उठतच नाहीत म्हणे. काल नेऊन दिली. साहेबांच्या आठवणी काढत अडीच तास बसलो असेन, तेवढ्यात बाई हातोडी घेऊन आल्या आणि पाटी माझ्यासमोरच भिंतीवर लावली.

दाढ सांभाळ. पत्र लिहीत राहा, आम्हा दोघांना तेवढाच आधार.
तुझा
दादा