आत एकट्यानेच जायचं

आई, मी महाडला डॉक्टरकडे जाऊन आलो, आणि घरी आल्यावर "काय म्हणाला डाक्तर?" असं कुणी विचारलं नाही. बाबा ओटीवर होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, चपला चिखलाने भरल्या आहेत एवढंच म्हणाले आणि आत गेले. पूर्वीही हा प्रश्न मला कुणी विचारत नसे, तुला विचारत. शेजारची काकी यायची, तू चुलीपुढे बसून सगळं रंगवून सांगायचीस, आणि माझ्या दुखण्याची हकीकत मलाही तिथेच पहिल्यांदा नीट कळायची. आता सांगणारा मीच आहे आणि विचारणारं कुणी नाही, म्हणून लिहितो आहे.

बाजारपेठेतले ते म्हातारे डॉक्टर तुला आठवत असतील. सकाळची उमरठहून येणारी गाडी पकडून आपण निघतो, मी खिडकीशी, तुझ्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत परसातला पिकलेला चिबूड. डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हा तुझा नियम. त्या चिबडाच्या वासाने अर्ध्या गाडीला भूक लागायची. दवाखान्यात डॉक्टर मला विचारतात, "काय होतंय बाळा?" आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणतेस, "पोटात गोळा येतो त्याच्या. रातभर कन्हत व्हता." डॉक्टर चष्म्यावरून बघतात. "बाई, पोराला जीभ आहे की नाही?" तू पदर सावरतेस. "हाय तर. पन ती त्याने माझ्याकडं ठेवायला दिलीय." डॉक्टर इतके हसले की माझ्या छातीवर ठेवलेली नळी हलायला लागली. मीही तुझ्या पाठीआड हसत होतो. मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. तुला वाचता येत नव्हतं, शाळेकडून आलेला कागद तू माझ्यापुढे धरायचीस, "काय लिवलंय रे?" तुझं वाचणं माझ्याकडे होतं, माझं बोलणं तुझ्याकडे, आणि आपलं दोघांचं छान चाललं होतं.

एकदाच तू रागावलीस. शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत तू पोरांची खिचडी शिजवायचीस. मधल्या सुट्टीच्या आधी मी तिथे यायचो, आणि तू उलथन्याच्या टोकावरची चिमूटभर खिचडी माझ्या तळहातावर ठेवायचीस, मीठ बघायला. मी मान हलवायचो. त्या दिवशी म्हणालीस, "मान नको हलवू. तोंडाने सांग. कमी हाय का जास्त?" मी पुन्हा मान हलवली. तू उलथनं पातेल्यावर आपटलंस. "मी काय जल्मभर पुरनार हाय काय रे तुला?" मग धुरानेच की काय, डोळे पुसलेस आणि माझ्या हातावर आणखी खिचडी वाढलीस. मीठ कमी होतं. मी सांगितलं नाही, आणि त्या दिवशी सगळ्या शाळेने अळणी खिचडी खाल्ली.

मी अकरावीत असताना तू गेलीस. माणसं गोळा झाली, आत्याने सगळ्यांना सांगितलं, पुढचंही तिनेच सांभाळलं. मला एकही शब्द बोलावा लागला नाही. कॉलेज सुटलं. पुढे महाडला एका छापखान्यात लागलो, पत्रिका आणि कार्डांचा मजकूर जुळवायला. शुद्धलेखन चांगलं म्हणून मालकांनी ठेवून घेतलं, आणि ते अजून खूश असतात, फक्त मला लागणाऱ्या वेळेवर नसतात. मी प्रत्येक मजकूर छापायला सोडण्याआधी पुन्हा वाचतो, मग पुन्हा. कारण आमच्याकडे एकदा छापलेलं परत घेता येत नाही. संध्याकाळी डेपोत आलो की वाटतं शटरला कुलूप नीट लागलं नाही, आणि मी गाडी सोडून परत जातो. छातीत धडधडतं. मग यंदा पावसाळ्यात कुणाची तरी आई गेली होती, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका आली आणि माझा हात थांबला तो थांबलाच. मजकूर बिनचूक होता. पण 'मातोश्री' या शब्दाच्या पुढे मला जाता येईना. तिचा मुलगा दुकानात येऊन ओरडला, "कार्यक्रम होऊन गेल्यावर देणार काय रे पत्रिका? पुढच्या वर्षी वाटू?" मालकांनी मला बाजूला केलं, स्वतः छापून दिली आणि त्याला चहा पाजून पाठवला. मग मला म्हणाले, "हे बघ, तुझ्यासारखं काम कुणी करत नाही. पण बरा होऊन ये. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

सरकारी दवाखान्यात छाती तपासली, छातीत काही नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनीच समुपदेशन करणाऱ्या मॅडमचा पत्ता दिला. आत्याला कळलं तेव्हा तिने आधी विचारलं, "म्हंजे येड्यांचा डाक्तर काय रे?" आणि लगेच, "मी येतंय बरोबर. तुला काय बोलता येनार हाय थोडंच." मलाही तेच हवं होतं. आपल्याकडे एकटा दवाखान्यात जातो कोण? मी परसातला चिबूड घेतला. तुझ्याच वेलाचा. दरवर्षी बी राखेत घोळवून ठेवतो, तू ठेवायचीस तसं.

जिना चढून वर गेलो तर लहानशी खोली, दोन खुर्च्या, खाट नाही, नळी नाही, औषधांचं कपाट नाही. मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. आत्याने बसण्याआधीच सुरू केलं, "त्याचं असं हाय बघा म्याडम, ल्हानपनापासनंच…" मॅडम हसून म्हणाल्या, "काकू, तुम्ही बाहेर बसा. मला यांच्याकडूनच ऐकायचंय." "अवो पन तो बोलायचा नाय!" "नाही बोलले तरी चालेल." आत्या बाहेर गेली, पण दाराला चिकटूनच बसली असणार, तिची बांगडी वाजत होती.

मी चिबूड पुढे केला. त्या म्हणाल्या, "वास किती छान आहे. पण इथे मी कुणाकडून काही घेत नाही. राग मानू नका." तो मी पायांशी ठेवला आणि सगळ्या खोलीला परसासारखा वास यायला लागला. मग त्यांनीच सांगितलं, इथे काय होतं ते. दर आठवड्याला पाऊण तास भेटायचं. त्या गोळ्या देत नाहीत, लागल्या तर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतात. जिवाला धोका असेल तेवढं सोडून इथलं बोलणं बाहेर जात नाही, आत्याकडेसुद्धा नाही. काय करा, काय करू नका असं त्या सांगणार नाहीत. एखाद्या दिवशी इथून जाताना आल्यापेक्षा जास्त जड वाटेल, तेव्हा बिघडलं असं समजायचं नाही. त्यांच्याशी जमलं नाही तर तसं सांगायचं, त्यांना वाईट वाटणार नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "आज काही चुकीचं सांगितलंत तर पुढच्या वेळी बदलता येतं." आई, छापखान्यातल्या माणसाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, डॉक्टरकडे असं काही घेऊन जायचं कुणी शिकवलं? मी म्हणालो, "आईने." त्या म्हणाल्या, "आई काय करतात?" मी म्हणालो, "शाळेत खिचडी शिजवते." त्यांनी पुढे विचारलं, मी सांगत गेलो. पत्र्याची खोली, उलथनं, तळहातावरची खिचडी. मी इतका वेळ आयुष्यात बोललो नव्हतो. बाहेर बांगडी वाजायची थांबली. डेपोत आत्याने चिबूड फोडला, एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि काहीच विचारलं नाही. तिने ऐकलं होतं की नाही, मला कळलं नाही.

तो आठवडा वाईट गेला. पुढच्या वेळी मी आत्याला न सांगता गेलो, रिकाम्या हाताने. जिन्यात दोनदा मागे फिरलो. आत बसल्यावर मॅडम थांबून राहिल्या, खाली बाजारात कुणीतरी रिक्षा चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. ती चालू झाली तेव्हा मी म्हणालो, "मागच्या वेळचं एक बदलायचंय. माझी आई नाही. ती वारली." माझ्याच तोंडाने. ती माझी जीभ होती, तुझ्याकडे ठेवलेली. मॅडम फक्त "हं" म्हणाल्या. त्यांनी सांगितलं होतं तसं जाताना जड वाटलं. पोलादपूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडलो, आणि तिथून गावाची गाडी सुटेपर्यंत भूक लागली. शटरच्या कुलपाची आठवण घरी आल्यावर झाली. पुढच्या आठवड्यातही जाणार आहे. मालकांना तसं सांगितलंय.

हे कागद मी कुठे धाडणार? धाडले तरी तुला कुणीतरी वाचून दाखवावे लागतील, आणि तो माणूस मीच. पण एक राहिलं. मॅडमनी मला विचारलं होतं, मग मागच्या वेळी तसं का सांगितलंत? मी म्हणालो, माहीत नाही. माहीत आहे. तेवढा पाऊण तास तू शाळेत खिचडी ढवळत होतीस, आणि मी घरी गेलो की विचारणार होतीस. ते त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.