चुलीजवळची जागा

४ डिसेंबर १९७४
काल पोचले! बोटीत दोनदा उलटी झाली, तरी बेटावरच्या पोस्टाची किल्ली हातात पडली तेव्हा हसतच होते. निघण्याआधीचा फ्लू गेलाय, थकवा तेवढा उरलाय. युन मावशींकडे खोली मिळाली. स्वयंपाकघरातल्या चुलीची धग खोलीच्या जमिनीखालून फिरते, निजायचं त्याच जमिनीवर. चुलीला लागूनची सगळ्यात ऊबदार जागा पाहुणीची, म्हणून ती माझी. सकाळी करपलेल्या भाताचा खमंग वास आला. मावशी म्हणाल्या, नुसती हाडं घेऊन आलीस गं, वसंतापर्यंत फुगवते बघ तुला.

७ डिसेंबर
पायांना मुंग्या येतायत. जमीन गार लागते म्हटल्यावर मावशी फणकारल्या. एवढी लाकडं जाळली, मांजरसुद्धा तिथे टेकेना, आणि तुला गार? शहरातली नखरेल! तरी दोन ओंडके जास्त घातले. मला फार लाज वाटली.

९ डिसेंबर
पोस्टाच्या पायरीवर गुडघे मोडून पडले. मोजे काढले तर तळव्यांना भाजल्याचे टपोरे फोड. दुखत नाहीत. म्हणजे जमीन गार नव्हतीच.
मुख्य भूमीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तापाचा चोर केव्हाच पळाला, पण अंगातले राखणदार चवताळलेत, घरच्यांनाच झोडपतायत. तुमच्या नसा खातायत. हे पायांतून वर चढतं. छातीशी पोचायच्या आत बोट पकडा.
मला मरायचं नाहीये.

१० डिसेंबर
वारा. बोट नाही. मांड्या गेल्या. मावशींना सगळं सांगितलं, चुलीपासून लांब, दाराशी अंथरूण घाला म्हणून विनवलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरला काय कळतंय, ही हाडात शिरलेली थंडी. चार पोरं वाढवलीत मी. आजारी पाहुणीला दाराशी गारठ्यात निजवलं तर गाव तोंडात शेण घालेल माझ्या!

११ डिसेंबर
पेन्सिल बोटांत ठरत नाही. जीभ जड — बोललेलं मावशींना कळत नाही. माझे हात चोळत रडल्या. पोर गारठली म्हणाल्या. ओढून आणखी चुलीला चिकटून निजवलं — वर दोन रजया —

१२
बोट दिसली म्हणे. माणसं आणायला मावशी धक्क्यावर गेल्या. जाताना चूल गच्च भरली — माझ्यासाठी —
श्वास पुरत नाही. येतील. येतीलच.
करपल्याचा वास येतोय. पण आज भात लावलाच नाही. पाठीखाली काय ते बघायला मान वळत —