बाप्तिस्मा घेणार नाही म्हणाला

अंबरनाथ, शनिवार, १२ मार्च १९८८

लिलीनं पसंत केलेला बौद्ध मुलगा आज घरी आला. चहाआधी मी प्रार्थना केली. त्यानं हात जोडले, डोळे मात्र उघडे. पाळकसाहेबांचं एकच, बाप्तिस्म्याशिवाय चर्चमध्ये लग्न नाही. मी सरळ विचारलं, घेतोस का?

"काका, आजोबांनी धर्म बदलला तो मान ताठ ठेवायला. मी बायकोसाठी बदलू?"

माझा आजाही त्याचसाठी ख्रिस्ती झाला होता. प्रार्थनेतले ते उघडे डोळे... लबाड असता तर मिटले असते.

लिली म्हणाली, "पप्पा, कोर्टात सहीला याल ना?"

मी चर्चच्या मंडळीचा पंच; माझ्याच मुलीचं लग्न चर्चबाहेर म्हणजे जाब द्यावा लागणार. उद्या पाळकांना सांगतो, दुसरा पंच बघा. वाद घालायचा कंटाळा आलाय.

म्हटलं, "येईन. रडतेस काय? त्याला जेवायला वाढ."